भुईवर घ्या, पण बसवून

"डॉक्टरबाय, घाई नाही. पण येताना दाखला तेवढा घेऊन या."

फोनवर रुपेश होता, इब्रामपूरच्या बाबल गावसचा मुलगा. एका कारखान्यात सुपरवायझर आहे, बोलतो नेहमी मुद्द्याचं. मी नुकतीच जेवून उठले होते.

"कसला दाखला?"

"मृत्यूचा."

"अरे देवा! कोण गेलं?"

"पप्पा."

"कधी?"

मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. रुपेश जरा ओशाळून म्हणाला, "म्हणजे अजून तसे गेले नाहीत. पण जातीलच आता. आपाकाकांनी भुईवर घेतलंय."

सगळी नोकरी पेडणे तालुक्यात सरकारी डॉक्टर म्हणून काढली. निवृत्तीनंतर इब्रामपूरच्या अलीकडच्या गावात दवाखाना थाटला. एवढ्या काळात लोकांनी माझ्याकडे खोट्या आजाराचे दाखले मागितले, खोट्या तब्येतीचे मागितले. पण माणूस श्वास घेत असताना मृत्यूचा दाखला आगाऊ मागणारा हा पहिलाच.

"तोंडात काही घालू नका," मी ओरडले.

"गंगेचं पाणी घातलं फक्त."

"गंगेचं असो की नळाचं, फुप्फुसात गेलं की सारखंच! मी येते. कोणी काही करू नका!"

आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन निघाली होती, यायला वेळ लागणार होता. ऑक्सिमीटर आणि बॅग घेतली आणि गाडी काढली. दाखल्याचं पुस्तक मुद्दाम टेबलावर ठेवलं. उगाच माझ्या हातात दिसलं असतं तर त्यांची खात्रीच पटली असती.

बाबलबद्दल सांगते. काजूबियांचा व्यापारी, साठीला आलेला. वजन एकशे अठरा किलो, उंची बेताची. त्याला मी एकेरीच हाक मारते, कारण तो बारीक होता तेव्हापासून ओळखते. माझं स्वतःचं वजन विचारू नका, पण मला निदान पायाची बोटं दिसतात. बाबल दिवसभर वखारीत खुर्चीवर बसायचा आणि बसल्या बसल्या डुलक्या काढायचा. गिऱ्हाईक समोर उभं, काट्यावर बिया, आणि शेटजी घोरतायत. सकाळी उठला की डोकं दुखायचं. पाय सुजायचे. रात्री मात्र खाटेवर झोपायचा नाही. पुढच्या सोप्यात आरामखुर्ची होती, तिच्यात बसून झोपायचा. आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं म्हणायचा.

मी दोनदा सांगितलं होतं, म्हापशाला जाऊन झोपेची टेस्ट करून घे. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, "झोपेची कसली परीक्षा, डॉक्टरबाय? त्यात मी पयल्या नंबरान पास!"

गावात त्याला मान होता तो गाऱ्हाण्यामुळे. देवळात काही असलं की देवासमोर गाऱ्हाणं घालायचं काम बाबलचं. एका दमात सगळ्या राखणदार देवचारांची, वेशींची, पूर्वजांची नावं घ्यायची, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. अलीकडे त्याला दम पुरेनासा झाला होता. दोन नावं घेतली की थांबायचा. लोकांना वाटायचं भक्तीने गळा दाटून आला.

घरासमोर गाडी लावली तर अंगणात चपलांचा ढीग. पितृपक्ष होता आणि त्याच दिवशी त्यांचा म्हाळ. सगळा भावकीचा गोतावळा जेवायला आलेला. वडे, खतखतं, खीर, केळीच्या पानावर दोनदा वाढून घेतलेलं. आणि म्हाळ असल्यामुळे घरात दर्भ, तुळस, गंगाजल, तांब्याची भांडी, सगळी तयारी हाताशीच होती. भटजी दक्षिणा घेऊन नुकतेच गेलेले. मरायला एवढी सोय कोणाला मिळते? ओट्यावरच्या एका म्हाताऱ्याने मला बघून हात जोडले आणि म्हणाला, "पितर जेवून गेले आणि जाताना बाबलाक घेवन गेले. पुण्यवान हो!"

सोप्यात शिरले. मधोमध जमिनीवर चटई, चटईवर बाबल, उताणा, सपाट. डोक्याखाली काही नाही. डोक्याशी समई. समई विझू नये म्हणून पंखा बंद केलेला. भोवती वीसेक माणसं दाटीवाटीने बसलेली आणि खिडकीत आणखी डोकी. आणि बाबलच्या पायांखाली दोन जाड उशा! आधी तो खाटेवर होता तेव्हा त्या पायांखाली होत्या. भुईवर घेताना कोणीतरी मायेने त्याही खाली आणल्या होत्या.

डोक्याशी आपा बसले होते. आपा म्हणजे बाबलचा थोरला भाऊ, पंचाहत्तरीचे, काटकुळे, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कापऱ्या आवाजात चक्क गाऱ्हाणं चाललेलं. मरणाऱ्या माणसासाठी गाऱ्हाणं घातलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण भावाने गावासाठी एवढी वर्षं घातलं, त्याच्यासाठी कोणीतरी घालायला नको का, असं त्यांना वाटलं असणार.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराक न्हेतस, तर सुखान न्हे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा सोपा गरजला.

बाबलकडे बघितलं. ओठ जांभळे. घशातून मोठी घरघर, मग एकदम शांत. छाती हलते, पोट हलतं, पण हवा काही आत जात नाही. मग अचानक एक हिसका आणि पुन्हा घरघर. तो शांत झाला की बायका हंबरडा फोडत, सुरू झाला की थांबत. हे बराच वेळ चाललं असावं, कारण रडणाऱ्यांचे आवाज बसले होते.

बोटाला ऑक्सिमीटर लावला. रक्तातला ऑक्सिजन सांगणारं ते चिमट्यासारखं यंत्र, करोनात घरोघरी आलं होतं. धडधाकट माणसाचा आकडा पंचाण्णवच्या वर असतो. बाबलचा अडुसष्ट.

"ह्याला आधी उठवून बसवा रे!" मी ओरडले.

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. आणि कोणी जागचं हललं नाही.

आता तुम्हाला सांगते काय झालं होतं ते. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो, पोटाला खाली ढकलतो, आणि वर झालेल्या जागेत हवा येते. उभ्या किंवा बसलेल्या माणसाचं पोट आपल्या वजनाने खाली उतरलेलं असतं, पडद्याला वाट मोकळी. तोच माणूस उताणा झोपला की पोट छातीकडे सरकतं. बारीक माणसाला ते कळतही नाही. बाबलसारख्याला मात्र दर श्वासाला आतून तांदळाचं पोतं ढकलावं लागतं. पाय उंच केले की ते पोतं आणखी वर चढतं. फुप्फुसाचा खालचा भाग दबून मिटतो. तिथे रक्त जातं, पण हवा पोचत नाही.

वर गळ्यातही चरबी असते. झोपेत गळा सैल पडतो, जीभ मागे जाते आणि रस्ता बंद. ती घोरण्यामधली शांतता म्हणजे हीच. त्यात शरीरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, साठतो. तो साठला की माणसाला गुंगी येते. गुंगी आली की श्वास आणखी मंद. मग तो आणखी साठतो. असं करत करत माणूस खरंच जातो. बाबल मरत नव्हता असं माझं म्हणणं नाही. तो मरतच होता. फक्त देव त्याला नेत नव्हता, आम्ही पाठवत होतो.

"ह्याला खाटेवर कोणी झोपवलं?"

"मी," आपा म्हणाले. "पाय बघा केवढे सुजलेत! खुर्चीत पाय लोंबकळत ठेवन झोपता म्हणान सुजतत. आज मी दम दिलो, गपचूप खाटीर झोप. पाय वर केले, म्हणजे पाणी उतरतला."

"आणि औषध काय दिलं?"

त्याची बायको शालन कोपऱ्यातून म्हणाली, "सर्दी होती. फार्मसीतलं खोकल्याचं दोन झाकणं दिलं. झोप लागते त्यानं."

म्हणजे पोटभर वडे, वर गुंगीचं औषध, पाय आभाळाकडे आणि मान सपाट. माणूस मारायचा असता तर यापेक्षा चांगला बेत करता आला नसता.

"आपा, उठवा त्याला."

"उठवूचो नाय!" आपा एकदम ताठ झाले. "एकदा भुईर घेतललो माणूस परत खाटीर न्हेवचो नसता. घराक बरा नाय."

आमच्याकडे हे आहे. माणूस जाणार असं वाटलं की त्याला खाटेवरून उतरवून जमिनीवर घेतात. जीव अधांतरी जाऊ नये म्हणून. आणि एकदा घेतला की परत वर न्यायचं अशुभ. तरुण असते तर मी तिथे भाषण दिलं असतं. पण भाषण संपेपर्यंत बाबल संपला असता.

"खाटेवर नेतच नाही. भुईवरच राहू दे. फक्त बसवा."

"मरतलो माणूस बसान मरता काय?"

"बसून मरत नाही म्हणूनच बसवायचाय!" माझा पारा चढला. "आपा, भुईवर घ्या असं सांगितलंय ना? घेतलात. आडवाच घ्या असं तुमच्या भटजीने सांगितलंय का? असेल तर फोन लावा, मी बोलते त्याच्याशी. तोपर्यंत मला माझं काम करू द्या!"

बाबल तेवढ्यात पुन्हा शांत झाला आणि या वेळी हिसका काही लवकर येईना. शालन किंचाळली. आपांनी भावाच्या तोंडाकडे बघितलं आणि एकदम म्हणाले, "उठवा रे त्याका! बघतास काय? उठवा!"

मी जबडा पुढे ओढून धरला. रस्ता मोकळा झाला, हवा आत गेली. पण एकशे अठरा किलोचा बेशुद्ध माणूस उठवणं म्हणजे चेष्टा नव्हे. चौघांनी काखेत हात घातले तर तो हातांतून सांडायला लागला. बसवला तर पुढे कोसळायचा. टेकवायला भिंत लांब. मी म्हटलं, जेवायच्या टेबलाची जड लाकडी खुर्ची आणा. आपा परत घुटमळले, "खुर्ची?"

"खुर्चीवर बसवत नाही हो, खुर्चीला टेकवते."

ही जुन्या नर्सबाईंची युक्ती. खुर्ची जमिनीवर पालथी घालायची. तिची पाठ तिरकी राहते, उतरणीसारखी. त्यावर गादी टाकली, बाबलला मागे सरकवून त्यावर रेलवला. कोणीतरी सवयीने पायांखालच्या उशा परत ठेवायला आलं. त्या मी हिसकावून घेतल्या आणि दोन्ही काखांखाली एकेक दिली. वजनाने खुर्ची मागे सरकायला लागली.

"कोणीतरी मागून धरा!"

आपाच बसले. खुर्चीला पाठ लावून, पाय समोरच्या खांबाला रोवून. पन्नास किलोचा म्हातारा, कसा धरून होता देव जाणे. दुसऱ्या कोणी जागा मागितली तर म्हणे, "हात लावूचो नाय. माझो भाव आसा."

रुपेशला मागे उभा करून दोन्ही हातांनी बापाची हनुवटी वर धरायला लावली, कारण मान छातीवर पडली की गळा पुन्हा बंद. समई लांब ठेवली. अर्धी माणसं अंगणात हाकलली. मग मी बाबलच्या छातीचं हाड मुठीने चांगलं रगडलं आणि कानात ओरडले, "बाबल! श्वास घे! मोठा घे!" एरवी कोणाला एवढं रगडलं असतं तर पोलीसकेस झाली असती.

आकडा बहात्तर. मग सत्त्याहत्तर. मग बराच वेळ तिथेच अडकला. शालन त्या यंत्राकडे अशी बघत होती जसं त्यातूनच तो परत यायचा होता. मग एक्क्याऐंशी. ओठांचा जांभळा रंग फिका पडला. बाबलने एक डोळा उघडला, सभोवार बघितलं. समई, दर्भ, रडून सुजलेली तोंडं. आणि जड जिभेने म्हणाला,

"फॅन कोणी बंद केल्यान रे?"

शालन ओक्साबोक्शी रडायला लागली. दिवसभरात तेच एक रडणं वेळेवर झालं.

ॲम्ब्युलन्स आली. दोन तरुण, चांगले तयार, ऑक्सिजन लावला. पण लगेच स्ट्रेचर सपाट करून म्हणाले, "घ्या, झोपवा यांना."

"यापुढे झोपवा म्हणेल त्याची गाठ माझ्याशी आहे!" मी म्हटलं. बिचारे दचकले. स्ट्रेचरची पाठ उभी केली, बाबलला राजासारखा बसवून उचलला. ऑक्सिजनही मी बेताचाच ठेवायला सांगितला, कारण अशा पेशंटला भरमसाट दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो. मीही आत चढले. मी उतरले की कोणीतरी त्याला परत आडवा करणार, याची मला खात्रीच होती.

इस्पितळात त्याला नाकातोंडाला मास्क लावून हवा आत ढकलणाऱ्या मशीनवर ठेवलं. ते मशीन गळा उघडा ठेवतं आणि पडद्याचं निम्मं काम स्वतः करतं. दुसऱ्या दिवशी गडी शुद्धीवर येऊन चहा मागत होता. तिकडे तो गेल्याचा निरोप गेलेली वाळपईची नात्यातली माणसं संध्याकाळी रडत इब्रामपूरला पोचली, आणि बाबल जिवंत आहे हे ऐकून थोडी हिरमुसलीच म्हणे. पण आलेली माणसं उपाशी कशी पाठवायची? म्हाळाचे वडे उरले होते, ते खाऊन परत गेली.

घरी सोडताना तसंच मशीन बरोबर मिळालं, रात्री लावून झोपायला. रोज चालणं, रात्री जेवण अर्धं, गुंगीचं काही घ्यायचं नाही. खाटेवर परत झोपावं की नाही यासाठी त्यांनी देवाला कौल लावला. देवाने हो म्हटलं. देव समजूतदार आहे, त्याच्या नावावर बोलणारे हट्टी. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली रुपेशने जांभ्या दगडाचा एकेक चिरा ठेवला, त्यामुळे डोकं वर आणि पाय खाली. जशी असायला हवी तशी खाट झाली.

महिन्याने मी बघायला गेले. बाबल वखारीत होता, जागा. शालनने मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"डॉक्टरबाय, एक सांगू? कुणाकडे बोलू नका." ती माझ्याशेजारी येऊन बसली. "त्या दिवशी मी भांडी घासत होते. ह्यांचं घोरणं एकदम थांबलं. इतकी वर्षं त्या आवाजान झोप नाय मला. आणि माझ्या मनात आलं, बरं झालं गो बाई, जरा शांत. मला बरं वाटलं हो! आणि आत येऊन बघते तर..."

डॉक्टरकीच्या पुस्तकात याला औषध नाही. मी तिचा हात धरून बसले. माझेही डोळे भरले, लपवलं नाही. मग म्हटलं, "तुला बरं वाटलं तरी तू उठून बघायला गेलीस की नाही? इतरांनी घोरणं थांबलं म्हणून कूस बदलली असती."

ती डोळे पुसत हसली. तेवढंच मला जमतं.

तर लक्षात ठेवा. जाड माणूस दिवसा डुलक्या घेत असेल, बसून झोपत असेल, आणि घोरता घोरता मध्येच गप्प होत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका आणि पुण्यवानही म्हणू नका. डॉक्टरकडे न्या. आणि त्याने स्वतःहून खुर्ची निवडली असेल तर ती त्याच्याकडून काढून घेऊ नका. शरीर कधी कधी घरच्यांपेक्षा शहाणं असतं.

परवा आपा माझ्या दवाखान्यात आले. एकटेच, बसने. बीपी बघायचं निमित्त. बीपी उत्तम होतं. तरी उठेनात. काठी या हातातून त्या हातात.

"मी पोरांक सांगून ठेवलय," शेवटी म्हणाले. "माझी येळ येयत तेव्हा भुईर घेवा, पण बसवन घेवा."

मला हसू आवरेना. "आपा, तुमचं पोट आहे कुठे? तुम्ही खुशाल आडवे व्हा. तुम्हाला काही होत नाही."

ते हसले नाहीत. दारापर्यंत गेले, उंबऱ्यावर थांबले.

"तसा आसात," म्हणाले. "तरी तुमी येयपर्यंत बसतंय मी."